अण्णांची मराठी गेली तो उन्हाळा

परवा हैदराबादहून नातीचा फोन आला. शाळेत तिला काम दिलं होतं, घरातल्या प्रत्येक भाषेत 'आय लव्ह यू' कसं म्हणतात ते विचारून यायचं. हिंदीतलं तिला येत होतं, तेलुगूतलं शेजारणीनं सांगितलं होतं, मराठी माझ्या वाट्याला आली. "मी तुझ्यावर प्रेम करते," मी म्हटलं, आणि माझं मलाच कसंतरी झालं. हे वाक्य आमच्या घरात कुणी कुणाला म्हटलेलं मला आठवत नाही. 'वाक्यात उपयोग करा' असा प्रश्न आल्यावर लिहावं, तसलं ते वाक्य. नातीनं मात्र ते खुशीत लिहून घेतलं.

फोन ठेवला तेव्हा खाली गल्लीत टँकर आला होता. गोदावरीच्या काठावरचं आमचं नांदेड, तरी यंदा चैत्रातच नळ कोरडे पडलेत. टँकरचा पाइप हौदात सोडला की आधी हवा येते, खरखर होते, मग एकदम पाणी कोसळतं. तो आवाज ऐकला की मी अजून हातातलं काम टाकून थांबते. पाण्यासाठी नाही. लातूरच्या त्या उन्हाळ्यासाठी.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. उस्मानाबादपासून वेगळं निघालेलं, नवं नवं. भाड्याच्या घरांतून कचेऱ्या उघडत होत्या, जीपगाड्या धूळ उडवत फिरत होत्या, आणि गावभर पाट्या रंगवायचं काम चाललं होतं. जिकडे जावं तिकडे ऑइलपेंट आणि टर्पेंटाइनचा वास. पाऊस मागच्या वर्षी फिरकला नव्हता. विहिरींच्या तळाशी माणसं उतरून वाटीनं पाणी भरत. दुपारी वारा सुटला की कडुनिंबाची वाळकी पानं दारातून थेट स्वयंपाकघरात यायची. गाव नव्या नवरीसारखं नटत होतं आणि त्याच्या घशाला कोरड पडली होती.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, हायस्कुलात मराठी शिकवत. त्यांचा जन्म उदगीरच्या पलीकडे, कर्नाटकच्या शिवेलगतच्या एका खेड्यातला. घरची बोली कानडी. पण आमच्या घरात मी त्यांच्या तोंडून कानडीचा शब्द ऐकलेला नव्हता. लहानपणी उदगीरला शिकायला आले तेव्हा त्यांच्या मराठीला वर्ग हसायचा. ते हसू त्यांनी मनात ठेवलं आणि मराठी अशी शिकले की पुढे त्यांच्यापुढे बोलताना लोकच जपून बोलू लागले. त्यांचे आईवडील लग्नाआधीच वारले होते. त्यामुळे आईला सासर असं मिळालंच नाही, आणि कानडीही तिच्या कानावर पडली नाही. एक धाकटी बहीण तेवढी गावी होती, काशीआत्या. ती कधीमधी यायची, मोडक्या मराठीत बोलायची, अण्णा तिच्याशीही स्वच्छ मराठीत बोलायचे, आणि ती लवकरच परत जायची.

आई नांदेडजवळच्या लोह्याकडची. तिची भाषा सगळी मोकळ्या रानाची. "लई ऊन पडून राह्यलं," ती म्हणायची. अण्णा वर्तमानपत्रातून मान वर न करता सांगायचे, "फार ऊन पडलं आहे." रागावून नाही, नुसतं सवयीनं. पण असं वर्षानुवर्षं झाल्यावर आई त्यांच्यासमोर बोलायचीच कमी झाली. ते शाळेत गेले की तिची जीभ सुटे. मला 'भवाने' म्हणायची, उशिरा उठलं की 'मढं पडलंय बघा' म्हणायची, आणि म्हणता म्हणताच डोक्यावर तेल थापायची. अण्णा दारात आले की घरात फक्त भांडी वाजत.

मे महिन्यातली दुपार होती. शाळेला सुटी होती, पण शाळेच्या हापशाला अजून थोडं पाणी होतं आणि मास्तरांच्या मुलांना तिथे घागर भरायला मुभा होती. मी रांगेत उभी होते. फाटकावर युसूफभाई पेंटर शिडीवर चढून शाळेच्या पाटीवर नव्या जिल्ह्याचं नाव रंगवत होते. खाली अण्णा उभे, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, नजर वर.

"युसूफभाई, जिल्हा शब्दाला पहिली वेलांटी. तुम्ही दुसरी काढलीत."

"गुरुजी, दूरसे कौन देखतंय?"

"मुलं बघतात. पुसा ते."

"हौ, पुसतौं. तुम छावमें जाको बैठो ना."

अण्णांनी बोट वर केलं. वेलांटी कशी काढायची ते हवेत दाखवत ते म्हणाले, "पहिली. अशी, डावीकडून..." आणि थांबले. पुन्हा तोंड उघडलं, आणि आतून काहीतरी वेगळंच आलं. मला न कळणारं. त्यांचं त्यांनाही कळलं असावं की हे आपल्याला म्हणायचं नव्हतं, कारण त्यांनी माझ्याकडे इतक्या घाबऱ्या डोळ्यांनी पाहिलं की माझ्या हातातली घागर निसटली. मग त्यांचा उजवा हात खाली पडला. ओल्या कपड्यासारखा. मग ते स्वतःच कोसळले.

युसूफभाईंनी शिडीवरून उडी मारली. शिडी आणि रंगाचे डबे वाहून आणायचा हातगाडा होता, त्यावरचं सगळं त्यांनी रस्त्यावर लोटलं आणि अण्णांना त्यावर आडवं केलं. पांढरा रंग धुळीत सांडला. डांबर उन्हानं मऊ झालं होतं, गाड्याची चाकं त्यात रुतत होती. युसूफभाई ढकलत होते आणि मी शेजारून पळत अण्णांच्या तोंडावर उपरण्याची सावली धरत होते. अण्णा बोलत होते. सारखे बोलत होते. मी "हो अण्णा, हो" म्हणत होते. कशाला हो म्हणतेय ते मला माहीत नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी आईला बाजूला घेतलं. जीव वाचलाय, उजवी बाजू हळूहळू सुधारेल, पण वाचेचं सांगता येत नाही. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा बजावली. रक्तदाब चढता कामा नये. यांना त्रास होईल असं काही होऊ देऊ नका. दुसरा झटका आला तर आमच्या हातात काही राहणार नाही.

पण अण्णांना शांत ठेवायचं कसं? ते शुद्धीवर आले की काहीतरी मागत. जीभ जड, शब्द लडबडलेले, त्यातून एकच शब्द जरा नीट ऐकू यायचा. "तंगी... तंगी..."

"पाण्याची तंगी म्हणून राह्यले," आई म्हणाली. "एवढ्या दुखण्यातबी गावाची काळजी." तिनं पेला त्यांच्या ओठाला लावला. अण्णांनी मान फिरवली. तिनं पुन्हा लावला. तेव्हा त्यांनी डाव्या हातानं पेला असा भिरकावला की पाणी सगळं फरशीवर. त्या दिवसांत सांडलेल्या पाण्याकडे सगळा वॉर्ड बघायचा. आईनं पदरानं फरशी टिपली आणि तो ओला पदर त्यांच्या कपाळावर ठेवला. अण्णांची छाती लोहाराच्या भात्यासारखी हलत होती. "तंगी!" त्यांच्या मानेची शीर फुगली. नर्स धावत आली.

शेजारच्या खाटेवर एका म्हातारीची सून बसली होती, निलंग्याकडची. ती मगापासून बघत होती. ती हळूच म्हणाली, "बाई, ते पाणी न्हाई मागत. कानडी बोलून राह्यलेत. तंगी म्हंजे धाकटी बहीण."

आईनं माझ्याकडे पाहिलं. "काशीला आन," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता नीघ."

उदगीरपर्यंतची एसटी मला ओळखीची होती, पुढची नव्हती. खिडकीच्या गजाला हात लावला तर चटका बसत होता. दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं, भेगाळलेली, आणि मधूनच एखादं जनावर नुसतं उभं. हलतही नव्हतं. मनात सारखं येत होतं, मी आत्याला घेऊन येईन आणि खाट रिकामी असेल. उदगीरच्या स्टँडवर माणसं तीन-चार भाषांत एकदम बोलत होती. एरवी ऐकलं असतं तर मौज वाटली असती. त्या दिवशी वाटलं, या सगळ्यांना अण्णा काय म्हणतात ते कळलं असतं. मला, त्यांच्या मुलीला, कळलं नाही.

आत्या घरी नव्हती. दुष्काळी कामावर होती, गावाबाहेर पाझर तलाव खोदायचं काम चाललं होतं तिथे. उन्हात बायांची रांग, डोक्यावर मातीची टोपली, सगळ्यांचे चेहरे पदरानं झाकलेले, सगळ्यांचा रंग मातीचा. कुठली आत्या ते ओळखेना. मी मोठ्यानं ओरडले, "काशीआत्या!" रांगेतली एक बाई थांबली.

"सुनंदा? तू कशी आलीस? कोण गेलं?"

"कुणी न्हाई. अण्णा आजारी हायेत. त्यांची वाचा गेली. नुसतं तंगी तंगी म्हणतेत."

आत्याच्या डोक्यावर टोपली तशीच होती. तिनं विचारलं, "माझं नाव घेतलं?"

"न्हाई. तंगी म्हणतेत."

"तंगी म्हटला? त्यानं? कानडीत?"

मी मान हलवली. तेव्हा तिनं टोपली खाली ठेवली नाही, ती आपोआप पडली, आणि त्या मातीच्या ढिगात ती बसली. लहानपणी अण्णा तिला तंगी म्हणायचे. शाळा शिकून आल्यावर काशी म्हणायला लागले. तिनं मला हे बसमध्ये सांगितलं, दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीत, माझा हात घट्ट धरून. "मला वाटलं, हा साहेब झाला. आता याला आपली लाज वाटती."

ती खाट रिकामी नव्हती. आत्या जवळ गेली, त्यांच्या छातीवर हात ठेवला आणि कानडीत बोलायला लागली. मला काहीच कळलं नाही, फक्त चाल कळली. रडवेली नाही, उलट रागावल्यासारखी, एका दमात. अण्णांचे डोळे वाहायला लागले आणि मानेवरची शीर हळूहळू खाली बसली. नर्सनं रक्तदाब घेतला आणि पहिल्यांदा तिच्या कपाळावरची आठी गेली.

मी आईला सांगायला वळले तर आई तिथे नव्हती.

ती बाहेर पायरीवर बसली होती, उन्हातच. मी जवळ गेले. तिनं वर पाहिलं नाही. "एवढी वर्सं संसार केला गं," ती म्हणाली, "अन् कोणासंग केला ते मला म्हाईत न्हाई. आत हाय तो मानूस मी पाहिलाच न्हाई कधी." मग म्हणाली, "माझ्याशी बोलाया त्याला शब्द न्हाईत. तिच्याशी हायेत. म्या काय करावं आता?"

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. आज तिच्या त्या वयाहून मोठी झालेय मी, म्हणून एवढं कळतं. नवराबायकोत किती भाषा असतात आणि त्यातल्या किती दोघांना येतात, हे मोजायला कुणी जात नाही. आपण समजून चालतो की घरात एकच बोललं जातं.

संध्याकाळी आई उठली, तोंडावर पाण्याचा हात फिरवला, आणि आत्याला व्हरांड्यात बोलावलं. "काशे, मला कानडी शिकव."

आत्या म्हणाली, "हौ वैनी. पाणी म्हंजे नीरु. दुखतंय म्हंजे..."

"ते न्हाई. ते खुणेनं कळतंय. मला रागवाया शिकव."

"रागवाया?"

"मंग! औषध घेत न्हाईत. पेला फेकतेत. मला भांडाया येऊ दे आधी."

आत्या त्या दिवसांत पहिल्यांदा हसली. तिनं शिकवलं, 'हट माडब्याड', हट्ट करू नको. 'सुम्न कुंद्र', गप बस. आई व्हरांड्यात येरझाऱ्या घालत पाठ करत होती, मी परीक्षेआधी करायची तशी. मग आत गेली, कमरेवर हात ठेवून खाटेसमोर उभी राहिली आणि लोह्याच्या चालीत म्हणाली, "हट माडब्याड! सुम्न... सुम्न बस!"

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. मग डाव्या हाताचं बोट वर केलं. तेच बोट, तीच सवय. जड जिभेनं म्हणाले, "कुं... द्र."

"बस म्हनलं तर कळंना का तुमाला?" आई कडाडली. "आता कानडीतबी चुका काढा माझ्या!"

आणि अण्णा हसले. अर्ध्या तोंडानं, कारण दुसरी बाजू अजून हलत नव्हती. पण ते हसू बघून आईनं कमरेवरचे हात सोडले. ती खाटेच्या कडेवर बसली आणि तिथेच, वॉर्डातल्या सगळ्यांसमोर, त्यांच्या पायावर डोकं टेकून रडली.

त्यानंतरचे आठवडे मला एकाच लांब दुपारीसारखे आठवतात. घरी आल्यावर आई त्यांच्याशी दिवसभर बोलायची. इतक्या वर्षांचं साठलेलं. ज्वारी निवडताना, हंडा उतरवताना, पंख्यानं वारा घालताना. मध्ये एखादा कानडी शब्द, बाकी सगळं तिचं मराठी. अण्णांना टोकता येत नव्हतं, म्हणून ऐकावं लागत होतं. आणि हळूहळू त्यांची मराठी परत यायला लागली. पण ती त्यांची मराठी नव्हती. एके सकाळी ते उठून बसले आणि म्हणाले, "लई तहान लागून राह्यली." आईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. त्यांनी भाषा तिच्याकडून ऐकली होती, तिच्याच बोलीत ती परत आली होती. 'फार' हा शब्द त्यांना कितीतरी महिने सापडला नाही.

घरात हे गोड होतं. शाळेत काय होणार, ही मात्र आम्हाला काळजी होती. जूनमध्ये शाळा उघडली, आभाळ पांढरंफटक, पाण्याचा पत्ता नाही. मुख्याध्यापक देगलूरकडचे, ताठ माणूस. ते घरी येऊन सरळ बोलले. "गुरुजी, दहावीचा वर्ग आहे. पालक विचारतात. एक तास घेऊन बघा, मी दाराशी उभा राहीन. जमलं नाही तर ग्रंथालयात बसा." यात वाईट काही नव्हतं. पण ते गेल्यावर अण्णा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मराठी शिकवणं सोडलं तर त्यांच्याकडे दुसरं काय होतं?

तो दहावीचा वर्ग माझाच. पत्रे तापलेले, खिडक्यांना पोती लावलेली. अण्णा डावा हात टेबलावर टेकवून उभे राहिले. दाराशी मुख्याध्यापक, हात मागे. आम्ही उठून 'नमस्ते' म्हटलं. अण्णा म्हणाले, "बसा. आज... आज लई दिसांनी आलो."

मागच्या बाकावरून फिस्स झालं. मग दुसऱ्या बाकावरून. एरवी 'लई' लिहिलं म्हणून अण्णांनी लाल शाईनं ज्यांच्या वह्या रंगवल्या होत्या, ती पोरं तोंडावर हात धरून हसत होती. मी खाली मान घातली. मला दाराकडे बघवेना, अण्णांकडे तर नाहीच.

अण्णांचा हात टेबलावरच्या पुस्तकावर गेला. मला वाटलं, आता ते पुस्तक मिटून निघून जातील. मग त्यांनी खडू उचलला, डाव्या हातात. "घरी," ते एकेक शब्द शोधत म्हणाले, "घरी तुमची माय... लाडात आली की... काय म्हनते तुमाला?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. अशा प्रश्नाची सवयच नव्हती कुणाला. अण्णांनी पहिल्या बाकावरच्या नसीमकडे बोट केलं. नसीम युसूफभाईंची पुतणी. ती उठली, ओढणी चिमटीत धरली. "अम्मी बोलती... मेरी माँ. मेरी माँ, उठ ना."

पोरं हसली. आई पोरीला आई म्हणते! अण्णांनी फळ्यावर लिहिलं, वाकडंतिकडं, मोठं. मेरी माँ. मग बोट पुढे. एक वाण्याचा मुलगा उठला. घरी कानडी. "अप्पा म्हणते, सर. नम्म अप्पा." नम्म म्हणजे आमचा, अप्पा म्हणजे बाप. त्याच्या बहिणीला? "अव्वा." म्हणजे आई. अण्णांनी लिहिलं. हसणं थांबलं होतं. "बापा म्हणते." "माय माझी म्हणते." आवाज चारी बाजूंनी यायला लागले. अण्णांचा हात पुरत नव्हता, अक्षरं एकमेकांवर चढत होती. मग ते थांबले, फळ्याकडे वळून बघत राहिले, आणि आमच्याकडे न बघता, जणू स्वतःलाच, म्हणाले, "बघा. भाषा येगळी येगळी. पन जीव लई दाटला की... माय आपल्या लेकराला आपलेच मायबाप करती. सगळ्या भाषेत. हे मला... मला आजवर दिसलं न्हाई."

वर्गात पंखा नव्हता. खिडकीवरच्या पोत्याची सळसळ ऐकू येत होती.

तेवढ्यात दारातून आवाज आला. मुख्याध्यापक होते. ताठ उभे, पण आवाज आमच्या ओळखीचा नव्हता. "नायना," ते म्हणाले. "आमच्याकडे तेलुगू. अम्मा मला नायना म्हणायची. नायना म्हणजे बाप." एवढं बोलून त्यांनी घसा खाकरला, आणि कुणी आपल्याकडे बघतंय का ते पाहिलं. सगळे बघत होते.

अण्णांनी उरलेल्या जागेत, अगदी खालच्या कोपऱ्यात, नायना लिहिलं. मुख्याध्यापक वळून निघून गेले. ग्रंथालयाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

घंटा झाली. पुढचा तास गणिताचा होता. गणिताचे सर आत आले, सवयीनं डस्टर उचललं, फळ्याकडे वळले आणि थबकले. वरपासून खालपर्यंत वाचलं. मग डस्टर टेबलावर ठेवून दिलं, आणि खिडकीकडच्या बाजूला जी वीतभर जागा मोकळी होती, तिथे बारीक अक्षरात त्या दिवसाचं गणित मांडलं.